काट्यावर आईचं वजन वाढलं, पण पोटातलं बाळ वाढलं का? गरोदरपणातल्या बीपीचं गणित समजून घ्या

गरोदर बाई तपासणीला गेली की दोन गोष्टी हमखास होतात. आधी तिला वजनकाट्यावर उभं करतात, मग दंडाला पट्टा बांधून बीपी बघतात. दोन्ही आकडे कार्डावर लिहिले जातात. घरी आल्यावर मात्र सगळे एकच विचारतात, "वजन किती वाढलं गं?"

महिन्यात तीन-चार किलो वाढलं म्हटलं की घरातले खूश. बाळ अंग धरतंय, आई चांगलं खातेय असा सरळ हिशोब. बीपीचा आकडा कुणी विचारत नाही. पायाला सूज आली तरी "शेवटच्या महिन्यांत पाय सुजतातच" म्हणून विषय संपतो.

गडबड इथेच होते. आईचं वजन भराभर वाढतंय आणि त्याच वेळी पोटातल्या बाळाची वाढ मंदावली आहे, असं होऊ शकतं. एका आकड्याकडे पाहिलं तर सगळं छान दिसतं, दोन्ही एकत्र वाचले तर धोका कळतो.

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचं. त्याच्या रुग्णालयाला अख्खा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो. सिल्लोड, कन्नड, वैजापूर, पैठणच नाही, तर जालना, बीडकडूनही अवघड बाळंतपणाच्या बायका इथे पाठवल्या जातात. घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात अशा अवस्थेत येण्याची जी कारणं असतात, त्यात वाढलेलं बीपी हे एक मोठं कारण. म्हणून हे गणित आज नीट समजून घेऊ.

बीपी किती झालं म्हणजे जास्त?

गरोदरपणात वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त आला, तर त्याला वाढलेलं बीपी म्हणतात. दोन्हीपैकी एक जरी वाढला तरी तो धरायचा. एकदा जास्त आलं की साधारण चार तासांनी पुन्हा मोजून खात्री करतात. पण १६०/११० च्या पुढे गेलं तर ती तातडीची वेळ. तिथे घरी जाऊन उद्या येते म्हणायचं नाही.

आता एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. निरोगी बाईचं बीपी गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत थोडं खाली येतं आणि शेवटच्या महिन्यांत पुन्हा पहिल्या पातळीवर जातं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी लिहून ठेवणं इतकं महत्त्वाचं. ते माहीत नसेल तर सातव्या महिन्यातलं १३६/८८ नेहमीचंच आहे की चढत चाललंय, हे डॉक्टरांना कळणार कसं?

वाढलेल्या बीपीचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला, आधीपासूनचं बीपी. गरोदर राहण्यापूर्वी होतं किंवा २० आठवड्यांच्या आत सापडलं.

दुसरा, गरोदरपणातलं बीपी. २० आठवड्यांनंतर वाढलं, पण बाकी तपासण्या ठीक आहेत.

तिसरा प्री-एक्लॅम्प्शिया. यात बीपीसोबत लघवीतून प्रथिनं जातात किंवा किडनी, यकृत, रक्तातल्या प्लेटलेट्स, मेंदू यांच्यावर परिणाम दिसू लागतो. पुढे जाऊन झटके आले तर त्याला एक्लॅम्प्शिया म्हणतात. जगभरात साधारण २ ते ८ टक्के गरोदरपणांत प्री-एक्लॅम्प्शिया होतो. पहिलं बाळंतपण, जुळी, मधुमेह, जास्त वजन, किडनीचा आजार, मागच्या वेळी झालेला हाच त्रास, आईला किंवा बहिणीला झालेला त्रास, यात शक्यता वाढते.

जायकवाडीची पाइपलाइन आणि पोटातली वार

बीपी आईचं, मग बाळ का लहान राहतं? संभाजीनगरकरांना हे समजावणं सगळ्यात सोपं आहे.

शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून. धरण भरलेलं असतं, तरी नळाला पाणी अनेक दिवसांनी येतं. याचं एक मोठं कारण जुनी, अपुरी पाइपलाइन. धरणात पाणी कितीही असो, घरात येणार तेवढंच जेवढं पाइपातून मावेल.

पोटातल्या बाळाचं तसंच आहे. आईच्या रक्तातला ऑक्सिजन आणि अन्न बाळापर्यंत पोचवते ती वार. वार गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते आणि तिथल्या आईच्या बारीक रक्तवाहिन्या गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात रुंद, सैल व्हायला लागतात. म्हणजे गल्लीतल्या अर्ध्या इंची पाइपाची मोठी लाइन होते. मग कमी दाबानेही भरपूर रक्त वारेकडे जातं.

अनेकींच्या प्री-एक्लॅम्प्शियात, विशेषतः जो लवकर सुरू होतो त्यात, हे रुंदीकरण अर्धवट राहतं. वारेला रक्त कमी पडतं. तणावात आलेली वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते आणि त्यांनी आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. रक्तवाहिन्या आखडतात, बीपी चढतं.

म्हणजे एकाच बिघाडाची दोन टोकं. एका टोकाला आईचं बीपी, दुसऱ्या टोकाला बाळाची खुंटलेली वाढ. आईने कितीही बदाम, तूप, खारीक खाल्ली तरी लाइन अरुंद असेल तर बाळाच्या वाट्याला कमीच येणार.

आणि म्हणूनच या आजाराचा शेवटचा उपाय म्हणजे वार बाहेर येणं, म्हणजे बाळंतपण. गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहतं, आईच्या मेंदूतला रक्तस्राव टळतो, पण अरुंद राहिलेली लाइन रुंद होत नाही. बाळाला आणखी किती दिवस आत ठेवायचं आणि कधी बाहेर काढायचं, हा डॉक्टरांपुढचा खरा अवघड निर्णय असतो.

मग वजन का वाढतं?

कारण काट्याला चरबी, बाळ आणि पाणी यातला फरक कळत नाही.

नऊ महिन्यांत वाढलेल्या वजनात बाळ असतं साधारण तीन किलो. बाकी वार, गर्भजल, मोठं झालेलं गर्भाशय, वाढलेलं रक्त, स्तनांची वाढ आणि दूध पाजण्यासाठी साठवलेली चरबी. प्री-एक्लॅम्प्शियात रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून अंगात साठतं. चेहरा, हात सुजतात, बांगड्या घट्ट होतात, जोडवी निघत नाहीत. हे पाणीसुद्धा काट्यावर किलोतच दिसतं.

आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांचा हिशोब सोपा आहे. पूर्ण गरोदरपणात साधारण ९ ते ११ किलो वाढ. पहिल्या तीन महिन्यांनंतर महिन्याला साधारण २ किलो. एका महिन्यात ३ किलोंपेक्षा जास्त वाढलं तर आनंदाआधी शंका घ्यायची. जुळी आहेत का, साखर वाढली आहे का, की प्री-एक्लॅम्प्शिया सुरू होतोय, हे तपासायचं.

उलट, सलग वजन वाढतच नसेल तर तीही चिंतेची बाब. आईला पुरेसं मिळत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय सापडलं?

आईचं वजन आणि बाळाचा आकार यावर जगात गाजलेला एक अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत तो सुरू केला. गरोदर राहण्याआधीपासून बायकांची वजनं, उंची घेतली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही माग ठेवला.

त्या बायका म्हणजे शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची. म्हणजे आपलं बाळ जवळजवळ ८०० ग्रॅमने हलकं.

खरा धक्का पुढे होता. आपलं बाळ हलकं होतं, पण सगळीकडून सारखं हलकं नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं. २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि अशा बाळाला 'थिन-फॅट' हे नाव मिळालं. वजन तसं जास्त नसतानाही भारतीयांना तरुणपणी मधुमेह का गाठतो, या कोड्याचं एक उत्तर इथे मिळतं.

याच गावांतल्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं आकाराने मोठी होती. आणि ज्यांच्या वाट्याला शेतातलं, विहिरीवरून पाणी आणण्याचं जड काम जास्त होतं, त्यांची बाळं तुलनेने लहान होती.

म्हणजे "दोन जिवांचं खा" एवढं सांगून भागत नाही. ताटात भाकरीसोबत काय आहे आणि डोक्यावरचा हंडा कुणी उचलायचा, हेही घराने ठरवायचं आहे.

मोठं बाळ म्हणजे सुदृढ बाळ?

नाही. चार किलोंचं बाळ झालं की पेढे वाटतात, पण बाळ खूप मोठं असण्यामागे बऱ्याचदा आईची वाढलेली साखर किंवा आधीपासून जास्त असलेलं वजन असतं. अशा बाळाचा खांदा बाळंतपणात अडकू शकतो. जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली जाऊ शकते.

जास्त वजनाचं आणि बीपीचंही जवळचं नातं आहे. आईचं वजन उंचीच्या मानाने जितकं जास्त, तितकी प्री-एक्लॅम्प्शियाची शक्यता जास्त. त्यामुळे शहरातल्या वजनदार आईला दोन उलट धोके एकदम असतात. साखरेमुळे बाळ प्रमाणाबाहेर वाढू शकतं आणि बीपीमुळे त्याची वाढ खुंटू शकते.

मात्र गरोदरपणात डाएट करून वजन उतरवायला जाऊ नका. किती वाढ योग्य, हे आधीच्या वजनावर ठरतं. सडपातळ बाईला जास्त वाढ लागते, वजनदार बाईला कमी. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

बाळ लहान आहे की उपाशी आहे?

जन्माच्या वेळी वजन अडीच किलोंपेक्षा कमी असेल तर बाळाला कमी वजनाचं म्हणतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात वजन नोंदवलेल्या बाळांपैकी साधारण १८ टक्के बाळं या गटात होती.

पण २.४ किलोंची दोन बाळं सारखी नसतात. पहिल्या बाळाचे आई-वडील लहान चणीचे आहेत, बाळ पूर्ण दिवसांचं आहे आणि शेवटपर्यंत आपल्या गतीने वाढत होतं. हे बाळ नुसतं लहान आहे. दुसरं बाळ सातव्या महिन्यापर्यंत छान वाढत होतं आणि मग वारेकडून पुरवठा कमी पडल्याने थांबलं. हे बाळ उपाशी आहे आणि धोक्यात आहे.

फरक ओळखायचा तर एक सोनोग्राफी पुरत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने वाढ बघावी लागते. डॉक्टर किंवा नर्स टेपने पोटाची उंची मोजतात ती त्यासाठीच. साधारण २४ आठवड्यांनंतर जितके आठवडे तितके सेंटिमीटर, असा ढोबळ मेळ असतो. मेळ सुटला तर डॉप्लर सोनोग्राफीत नाळेतला रक्तप्रवाह बघतात.

"बाळ लहान असलं की बाळंतपण सोपं जातं, म्हणून कमी खावं" असा सल्ला आजही काही घरांत दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. बाळंतपण सोपं होईलच असं नाही, पण लहान बाळाला थंडी वाजणं, दूध ओढता न येणं, जंतुसंसर्ग यांचा धोका नक्की वाढतो.

माहेर, ऊसतोड आणि हरवलेलं कार्ड

आता आपल्याकडची खरी अडचण. प्री-एक्लॅम्प्शिया २० आठवड्यांनंतर येतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत जास्त दिसतो. नेमक्या याच काळात आपल्याकडे बाई जागा बदलते.

सातव्या महिन्यात ओटीभरण होतं आणि पहिलटकरीण माहेरी जाते. डॉक्टर बदलतात, आशा ताई बदलतात. फाइल सासरी कपाटात राहते. नव्या डॉक्टरांना पहिल्या तिमाहीतलं बीपी माहीतच नसतं.

दुसरी तऱ्हा ऊसतोडीची. बीड, जालना आणि आसपासच्या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गरोदर बाईही जाते. पहाटेपासून तोडणी, डोक्यावर मोळी, पाल ठोकून राहणं. गावातल्या आशा ताईंच्या यादीत नाव असतं, पण बाई शेकडो किलोमीटर दूर. बीपी मोजायला दिवस मोडला तर मजुरी बुडते.

यावर साधा उपाय आहे. माता आणि बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात सगळ्यात वर ठेवायचं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याकडे, आईकडे, भावाकडे पाठवायचा. जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात बीपी मोजून घेता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून सुरू आहे.

बीपी मोजताना काय बघायचं?

जिने चढून आल्या आल्या पट्टा बांधू देऊ नका. पाच मिनिटं शांत बसा. लघवीला जाऊन या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. आणि मोजल्यावर आकडा विचारायचा. "नॉर्मल आहे" हे उत्तर पुरेसं नाही, "किती आहे?" हे विचारणं तुमचा हक्क आहे.

मीठ बंद करू का? गोळ्या घेऊ का?

मीठ तोडल्याने प्री-एक्लॅम्प्शिया टळतो, असा पुरावा नाही. अळणी जेवून बाईचं जेवणच कमी होतं, त्याने नुकसान. लोणचं, पापड, फरसाण मात्र आवरलेलं बरं. नुसतं अंथरुणाला खिळून राहिल्यानेही हा आजार टळत नाही.

कॅल्शियमचा उपयोग होतो, खास करून ज्यांच्या जेवणात दूध-दही कमी असतं त्यांना. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या मिळतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

ज्यांना धोका जास्त आहे त्यांना डॉक्टर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात. ती साधारण १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तर जास्त फायदा. म्हणूनच "तीन महिने कुणाला सांगायचं नाही" म्हणून दवाखाना लांबवू नका. शेजाऱ्यांना सांगू नका, डॉक्टरांना सांगा. पण ही गोळी मनाने घेऊ नका.

बीपीच्या गोळ्यांनी बाळ लहान राहील, ही भीती अनेकींना असते. डॉक्टरांनाही होती. आधीपासून सौम्य बीपी असलेल्या सुमारे २४०० गरोदर बायकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बीपी १४०/९० च्या खाली ठेवलेल्या बायकांना गुंतागुंत कमी झाली आणि लहान बाळांचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही. मात्र बीपीच्या काही नेहमीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. आधीपासून गोळी सुरू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच ती बदलून घ्या, स्वतःहून बंद करू नका.

ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही

* डोकं ठणकतंय आणि थांबत नाही
* डोळ्यांपुढे अंधारी, काजवे किंवा धूसर दिसणं
* बरगड्यांच्या खाली, पोटात वरच्या बाजूला दुखणं
* चेहरा आणि हात अचानक सुजणं
* लघवी कमी होणं, धाप लागणं
* बाळाची हालचाल कमी होणं
* झटके येणं

यातलं पोटदुखीचं लक्षण फसवं आहे. ॲसिडिटी समजून सोडा पिऊन रात्र काढली जाते. झटके आले की काही घरांत "बाहेरचं आहे" म्हणून अंगारा लावत बसतात. तो वेळ जिवावर बेततो. १०८ ला फोन करा. झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट नावाचं स्वस्त, जुनं इंजेक्शन आहे. २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे १० हजार बायकांवरच्या अभ्यासात त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केल्याचं दिसलं. त्याचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच देऊन मग बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवता येतं.

बाळंतपण झालं, सुटलो?

अजून नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकतं. झटके घरी आल्यावरही येऊ शकतात. म्हणून बाळंतिणीचं डोकं दुखलं तर "जागरणाने दुखतंय" म्हणून सोडू नका, बीपी मोजा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. ज्यांना प्री-एक्लॅम्प्शिया झाला त्यांना पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो, म्हणून वर्षातून एकदा तपासणी हवीच.

बाळ लहान असेल तर त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, हा सगळ्यात परिणामकारक आणि फुकटचा उपाय. बाबा, आजीही धरू शकतात. पहिल्या सहा महिन्यांत फक्त आईचं दूध, आणि गुटी, मध काही नाही. घरी येऊन बाळाचं वजन-तापमान बघणाऱ्या आशा ताईंच्या भेटी टाळू नका. या घरभेटींचा पाया गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामाने घातला आणि त्याने नवजात मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी होतात हे १९९९ साली जगासमोर आलं.

महाराष्ट्राचा माता मृत्युदर २०१८ ते २०२० च्या आकडेवारीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. म्हणजे आपण बरंच अंतर कापलंय. पण केरळचा १९ होता. उरलेलं अंतर कापायला नवं औषध लागेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी वेळेवर मोजलेलं बीपी आणि ते वाचणारं घर, एवढं पुरतं.

तर पुढच्या वेळी घरातली गरोदर लेक, सून किंवा बहीण तपासणीहून आली की वजन विचाराच. पण त्याच्या लगेच पुढचा प्रश्न असू द्या, "आणि बीपी किती होतं?"